सखी वन स्टॉप सेंटर: खेड्यातल्या बाईला कितपत कामाचं?

मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईला दवाखाना, पोलीस, वकील आणि समुपदेशन एकाच जागी मिळावं म्हणून केंद्र सरकारने 2015 मध्ये ही सेवा सुरू केली. पैसे लागत नाहीत. 181 वर फोन केला की सेंटरशी गाठ घालून देतात; जीवावर बेतलं असेल तर आधी 112. राहायची सोय साधारण पाच दिवस.

आसरा आणि उपचार यांसाठी सेवा चांगली. कस लागतो कागदांत. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या नमुना 1 मध्ये, म्हणजे घडलेल्या हिंसेच्या अहवालात, नुसतं 'नवरा त्रास देतो' लिहिलं, तर कोर्टातला अर्ज लंगडा पडतो. कशाने मारलं, कुठे लागलं, कोणी पाहिलं, दागिने कोणाकडे आहेत, सगळं लिहवून घ्या. तारीख आठवत नसेल तर 'तान्ह्या पोळ्याच्या दिवशी' असं सांगा, पण सांगा.

याहून महागात पडतं ते नमुना 3 चं शपथपत्र राहून जाणं. नवऱ्याची वाट न पाहता कलम 23 खाली तातडीचा अंतरिम आदेश मिळतो, तो याच शपथपत्रावर. ते नसलं की नोटीस निघते, तारीख पडते. निकालासाठी कायद्याने पहिल्या सुनावणीपासून 60 दिवस धरलेत, सेंटरमधला मुक्काम पाचच दिवसांचा. मधल्या काळात बाई त्याच घरात परत जाते. ही धोरणातली सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत पहिल्याच दिवशी शक्ती सदनात, म्हणजे अडचणीतल्या बायकांसाठीच्या सरकारी योजनेतल्या निवाऱ्यात, जागा मागायला हवी.

अंतराचंही तेच. भामरागडहून गडचिरोलीचं सेंटर दीडशे किलोमीटरच्या वर. एसटीत अर्धं तिकीट असलं तरी लेकरं घेऊन, मजुरी बुडवून कोण येणार? ठरलेल्या वारी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नमुना 1 भरून घेणारा माणूस बसवा. आशाताई निदान तिथवर तरी बाईला घेऊन जातील.

तंटामुक्ती समितीने घातलेली समजूत म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत फुकट मिळते. बाई माहेरी राहत असेल तर माहेरच्या भागातल्या कोर्टातही अर्ज चालतो. सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही.