एक्सएसडी १.१ चं असर्ट की स्कीमाट्रॉन: ‘../’ नेमकं कुठे पोचतं?

एखादं फील्ड आकडा आहे की तारीख, एवढंच तपासायचं असेल तर साधं एक्सएसडी (एक्सएमएल फाइलची रचना आणि टाइप ठरवणारी भाषा) पुरतं. अडतं ते एका फील्डचा नियम दुसऱ्या फील्डवर अवलंबून असतो तेव्हा. मग दोन वाटा समोर येतात: एक्सएसडी १.१ (२०१२) मधलं असर्ट, म्हणजे टाइपला जोडलेली अट, किंवा २००६ पासून आयएसओ मानक असलेली स्कीमाट्रॉन ही नियम लिहायची भाषा. नियम दोन्हीकडे एक्सपाथमध्येच (एक्सएमएलच्या झाडात मार्गाने भाग शोधायची भाषा) लिहायचा असतो, त्यामुळे वरवर पाहता निवड सवयीची वाटते. माझ्या मते ती ठरते एक्सपाथ चालताना कुठे उभा असतो आणि तिथून त्याला काय दिसतं यावर.

एक बिल घ्या. ‘बिल’ या एलिमेंटवर @प्रकार आणि @एकूण हे अॅट्रिब्यूट, आत अनेक ‘ओळ’, प्रत्येकीत ‘रक्कम’ आणि ‘कर’. नियम असा: प्रकार ‘निर्यात’ असेल तर प्रत्येक ओळीचा कर शून्य हवा. (कीवर्डही इथे देवनागरीत लिहितो आहे.) सहज सुचणारी अट ओळीच्या टाइपवर अशी येते (‘../’ म्हणजे एक पायरी वर, पालकाकडे):

नॉट(../@प्रकार = 'निर्यात') ऑर कर = ०

एक्सएसडी १.१ मध्ये ही अट कोणत्याही फाइलवर पास होते. असर्ट तपासताना ज्या एलिमेंटवर ते लावलं आहे तेच झाडाचं मूळ मानलं जातं. त्याची मुलं आणि अॅट्रिब्यूट दिसतात. पालक, भावंडं, बाकीचा दस्तऐवज दिसत नाही. म्हणून ‘../@प्रकार’ रिकामा येतो, रिकाम्याची तुलना खोटी ठरते, नॉट तिला खरी करतो आणि नियम कधीच अडवत नाही. एरर नाही, इशारा नाही. अट उलट्या बाजूने, नॉटशिवाय (../@प्रकार != 'निर्यात') लिहिली असती तर कर असलेली प्रत्येक फाइल नापास झाली असती आणि चूक निदान पहिल्याच दिवशी सापडली असती. मला खरी बोचते ती ही शांतता, आणि निवडीचं पारडं माझ्यापुरतं इथेच झुकलं.

उपाय आहे: अट एक पायरी वर, बिलाच्या टाइपवर न्यायची.

नॉट(@प्रकार = 'निर्यात') ऑर (एव्हरी $ओ इन ओळ सॅटिस्फाइज $ओ/कर = ०)

हे बरोबर चालतं. पण आता नापास होतं ते बिल. तीनशे ओळींपैकी कुठली चुकली हे संदेशात येत नाही, आणि असर्टमध्ये स्वतःचा संदेश लिहायची सोय मानकात नाही. नियम जितका दूरची दोन फील्डं जोडतो तितका तो मुळाकडे सरकतो. शेवटी मुळाच्या टाइपवर लांबलचक अटींचा ढीग साचतो.

व्हेरिएबलचीही तीच गत. असर्टमध्ये एक्सपाथ २.० असतो आणि त्यात लेट (एखाद्या मूल्याला नाव देण्याची सोय) नाही. मिळतो तो फक्त $व्हॅल्यू: साध्या टाइपवरच्या असर्शनमध्ये आणि साधा मजकूर असलेल्या कॉम्प्लेक्स टाइपवर. त्यातही साध्या टाइपच्या असर्शनमध्ये संदर्भ नोडच (मार्ग जिथून सुरू होतो ती जागा) नसतो. तिथे सवयीने ‘.’ लिहिला की मूल्यमापनात एरर येते आणि एरर म्हणजे नापास, त्यामुळे चांगली मूल्यंही बाद होतात. स्वतःचं नाव हवंच असेल तर ‘फॉर $ट इन सम(ओळ/रक्कम) रिटर्न …’ अशी एकाच फेरीची युक्ती चालते; वाचणाऱ्याला मात्र ती फेरी का घातली हे कळायला वेळ लागतो.

स्कीमाट्रॉनमध्ये हाच नियम ओळीवरच राहतो: रूलचा संदर्भ ‘ओळ’, त्याखाली लेट, नाव ‘प्रकार’, मूल्य ‘../@प्रकार’. पूर्ण दस्तऐवज समोर असतो, ‘../’ खरंच वर जातो आणि संदेशात ओळीचा क्रमांक घालता येतो.

मात्र लेट कुठे लिहिला याला इथे फार महत्त्व आहे. रूलमधला लेट रूलच्या संदर्भ नोडवरून मोजला जातो. पॅटर्न, फेज किंवा स्कीमा पातळीवरचा लेट दस्तऐवजाच्या मुळावरून. तोच ‘../@प्रकार’ नुसता उचलून पॅटर्न पातळीवर ठेवला तर मुळाच्या वर काहीच नसल्यामुळे तो रिकामा येतो, म्हणजे वर सांगितलेली शांतता इथेही शिरते. ‘/बिलसंच/बिल/@प्रकार’ असा पूर्ण मार्ग दिला आणि फाइलमध्ये चाळीस बिलं असली तर व्हेरिएबलमध्ये चाळीसही प्रकार येतात, आणि ‘= 'निर्यात'’ त्यातल्या एकाने जुळलं तरी खरं ठरतं. म्हणून नोडवर अवलंबून असलेलं काहीही रूलमध्येच ठेवावं. वर फक्त कोडयादीसारख्या संपूर्ण फाइलला समान गोष्टी.

कोडयादी बाहेरच्या फाइलमध्ये असेल तर आणखी एक सापेक्ष मार्ग मध्ये येतो. ‘डॉक्युमेंट('कोड.एक्सएमएल')’ हा मार्ग तपासायच्या फाइलपासून मोजला जात नाही, स्टाइलशीटच्या बेस पत्त्यापासून मोजला जातो. स्कीमाट्रॉनचं आधी सहसा एक्सएसएलटीत (एक्सएमएलवर प्रक्रिया करणारी भाषा; तिची फाइल म्हणजे स्टाइलशीट) रूपांतर होतं; ते रूपांतर तात्पुरत्या फोल्डरात लिहिलं गेलं की कोडफाइल तिथेच शोधली जाते आणि सापडत नाही. यादी डेटाच्या शेजारी असेल तर दुसरा आर्ग्युमेंट द्यावा: ‘डॉक्युमेंट('कोड.एक्सएमएल', /)’. आणि त्या यादीत शोधताना चौकोनी कंसातला ‘../’ यादीच्या नोडपासून मोजला जातो, ओळीपासून नाही. ओळीचं मूल्य आधी लेटमध्ये धरावं किंवा मूळ संदर्भ नोड देणारा करंट() वापरावा. एक्सएसडी १.१ मध्ये हा प्रश्न येतच नाही, कारण असर्टला बाहेरची कुठलीच फाइल उपलब्ध नसते.

एका बाबतीत एक्सएसडी नक्कीच सरस आहे, आणि ते मान्य केलं पाहिजे. असर्ट चालतं तेव्हा मुलांचे टाइप ठरलेले असतात. रक्कम डेसिमल असेल तर ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ च येते. स्कीमाट्रॉनला सामान्यतः टाइप माहीत नसतात. सम() मजकुराचं डबलमध्ये (अंदाजे साठवलेल्या दशांश आकड्यात) रूपांतर करतो, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं आणि बरोबर बिल नापास होतं. क्वेरी बाइंडिंग (नियम कोणत्या भाषेत आहेत ते सांगणारी सेटिंग) एक्सएसएलटी२ ठेवून ‘सम(ओळ/रक्कम/एक्सएस:डेसिमल(.))’ लिहिलं की हे मिटतं, पण प्रत्येक बेरजेत ते आठवणीने लिहावं लागतं.

नियम एकाच एलिमेंटच्या पोटातले असतील, पैशांच्या बेरजा जास्त असतील आणि हाताशी सॅक्सनची एंटरप्राइझ आवृत्ती किंवा जावाचं झर्सीज असेल, तर एक्सएसडी १.१ घ्यायला हरकत नाही. लिबएक्सएमएल२ किंवा डॉटनेटचा अंगभूत तपासनीस असेल तर असर्टचा विचारच करू नये, ते १.० वरच आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी मी रचनेसाठी एक्सएसडी १.० आणि नियमांसाठी स्कीमाट्रॉन असं सुचवेन.

काहीही घेतलंत तरी प्रत्येक नियमासाठी एक मुद्दाम चुकवलेली फाइल ठेवा. ती पास झाली तर मार्ग रिकामा येतो आहे असं धरा. स्कीमाट्रॉनमध्ये एसव्हीआरएल (स्कीमाट्रॉनचा तपासणी-अहवालाचा नमुना) अहवालात त्या संदर्भाचा फायर्ड-रूल, म्हणजे रूल चालल्याची नोंद, आहे का तेही बघा. नसेल तर आधी नेमस्पेस (एलिमेंटच्या नावाचा समूह) तपासा: प्रिफिक्स न लावलेलं ‘ओळ’ तिथे नेमस्पेस नसलेल्या एलिमेंटलाच जुळतं.