नागपूरच्या धंतोलीतलं सीटी सेंटर: सीडीत काय मागायचं ते इथे कळलं

बाबांची उमरेडच्या कोळसा खाणीत तीस वर्षं नोकरी झाली. मे महिन्यात कोरडा खोकला अन् धाप वाढली म्हणून आधी दुसऱ्याच एका सेंटरवर छातीचा सीटी काढला. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सीडी लावली आणि म्हणाले, "ह्यात सगळ्या पाच मिलिमीटर जाडीच्या स्लाइस, म्हणजे छातीचे आडवे काप, आहेत. फुप्फुसात जाळी झालीय का, ह्यावरून कसं सांगू?" त्या सेंटरवर परत गेले, तर पातळ स्लाइस ज्यातून पुन्हा काढता आल्या असत्या तो रॉ डेटा, म्हणजे स्कॅनची मूळ मोजमापं, मशीनमधून पुसला गेला होता. म्हणजे बाबांना पुन्हा रेडिएशन. फार जीवावर आलं.

दुसरा स्कॅन धंतोलीत केला. टेक्निशियन दादांनी आधी जुनी सीडी पाहिली. मग बाबांकडून तीनदा सराव करून घेतला: "काका, दम भरा, आता रोखून धरा." छाती हलली की बारीक रेषा पुसट होतात, म्हणून ही घाई न करणं मला फार मोलाचं वाटलं.

मी बारावीला फिजिक्स शिकवते हे कळल्यावर त्यांनी मला कन्सोलशी बोलावलं. एकच स्कॅन, एकच जागा, फक्त कर्नल वेगळं. कर्नल म्हणजे मोजमापांतून प्रतिमा बनवताना लावायचं फिल्टर. गुळगुळीत प्रतिमा देणाऱ्या सॉफ्ट कर्नलवर फुप्फुसाचा तळ नुसता करडा दिसत होता. लंग कर्नल लावून एक मिलिमीटरची स्लाइस काढली, तर त्याच जागी फुप्फुसाच्या कडेला मधाच्या पोळ्यासारखी भोकं स्पष्ट दिसली. दाणे मात्र वाढले, कारण कडा धारदार करणारं हे फिल्टर नॉइजही, म्हणजे प्रतिमेतला खरखरीतपणाही, वाढवतं.

मग प्रतिमा बनवायची इटरेटिव्ह पद्धत दाखवली. मशीन आधी एक अंदाजी प्रतिमा धरतं, तिच्यावरून क्ष-किरणांची मोजमापं कशी आली असती ते काढतं, खऱ्या मोजमापांशी ताडून चूक दुरुस्त करतं, आणि हेच पुन्हा पुन्हा. नॉइज आवरल्यामुळे कमी डोसमध्येही स्कॅन वाचता येतो. दादा ती पूर्ण जोरात लावत नाहीत. जास्त झाली तर प्रतिमा प्लास्टिकसारखी गुळगुळीत होते अन् बारीक जाळीच दबते. 1971 साली लंडनमध्ये रुग्णाच्या डोक्याचा पहिला सीटी झाला, त्याची प्रतिमा 80 बाय 80 ठिपक्यांची होती. आज 512 बाय 512 नेहमीची. एवढं असताना पेशंटच्या हाती फक्त जाड स्लाइस का द्यायच्या?

इथे न मागता दोन्ही कर्नलच्या पातळ स्लाइस मिळाल्या. पेनड्राइव्हचे 200 रुपये वेगळे घेतले, ते मी आनंदाने दिले. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. डॉक्टरांनी पाच मिनिटांत निदान सांगितलं अन् औषध सुरू केलं.

एक तक्रार आहे. गाडी लावायला जागाच नाही, अन् धाप लागलेल्या माणसाला भर उन्हात चौकापासून चालवत आणावं लागलं. दाराशी एक व्हीलचेअर ठेवाच. बाकी पुढचा स्कॅनही इथेच करणार, आणि जुना पेनड्राइव्ह सोबत नेणार.