आडवा काप आणि पंचेचाळीसचा जोड: माइटर गेज घ्यावे की स्लेड बनवावी?

टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर येणाऱ्या गोल पात्याच्या करवतीवर, फळी उभी चिरणे तुलनेने सोपे आहे. खरी कसोटी लागते ती आडव्या कापाला आणि त्याहून अधिक पंचेचाळीस अंशांच्या जोडाला. आलापल्ली-बल्लारपूरकडचे सागवान ज्या भावाने हाती येते तो पाहता, पल्ल्याची आडपट्टी दोन मिलिमीटर कमी भरली म्हणून बाजूला टाकणे गावच्या सुताराला परवडत नाही. म्हणून यंत्रासोबत आलेल्या माइटर गेजवर, म्हणजे टेबलाच्या खाचेत सरकणाऱ्या आणि कोन लावता येणाऱ्या आधारावर, भागवावे, महागडे गेज घ्यावे, की प्लायवूडची स्लेड म्हणजे सरकती फळी स्वतः बनवावी, हे आधी ठरवलेले बरे.

सोबतच्या गेजचे दोन दोष आहेत. त्याची पट्टी टेबलाच्या खाचेत सैल असते आणि त्याचे तोंड आखूड असल्यामुळे लांब फळी पात्याजवळ येताच किंचित फिरते. पट्टीच्या कडेला पंचने चार-पाच ठोके देऊन सैलपणा घालवला आणि तोंडाला ५०-६० सेंटिमीटरची सरळ लाकडी पट्टी बोल्टने जोडून तिच्यावर पॉलिशपेपर चिकटवला, तर हेच गेज बरेच सुधारते. एवढी दुरुस्ती करून पाहण्याआधी महागडे गेज घेण्याची घाई मी करणार नाही. मात्र षटकोनी चौकटीसाठी लागणारा ३० अंशांचा काप किंवा असा एखादा वेगळा कोन असेल, तर गेजला पर्याय नाही.

स्लेडवर लाकूड टेबलावर घासत नाही, ते तळासोबतच पुढे जाते. रुंद फळीला नव्वद अंशांचा काप देण्यासाठी म्हणूनच ती गेजपेक्षा सरस ठरते. तिची मर्यादा कापाच्या खोलीची आहे. दहा इंची पाते साधारण ७५ ते ८० मिलिमीटर वर येते, त्यातले १२ मिलिमीटर प्लायवूडच्या तळात जातात, आणि मग दरवाजाच्या चौकटीचे तीन इंच जाड लाकूड एका फेरीत कापले जात नाही. ते काम गेजवर किंवा हातकरवतीनेच करावे लागते. गावात वेल्डिंग करून बनवलेल्या काही टेबलांना खाचच नसते. तेथे टेबलाच्या दोन्ही कडांवरून सरकणारी स्लेड करता येते, मात्र त्या कडा पात्याला समांतर असायला हव्यात.

स्लेडची मागची पट्टी, म्हणजे लाकूड टेकवायचा आधार, केवळ गुण्या लावून बसवू नये, कारण लहान गुण्यात बारीक चूक दिसत नाही. एका चौरस तुकड्याची नुकती कापलेली कड दरवेळी मागच्या पट्टीला टेकवून चारही बाजू कापाव्यात आणि पाचव्या कापाने एक अरुंद पट्टी काढून तिची रुंदी दोन्ही टोकांना मोजावी. चूक येथे चौपट होऊन दिसते: ४०० मिलिमीटर लांबीच्या पट्टीत ०.८ मिलिमीटर फरक आला, तर प्रत्येक कापाची चूक ०.२ मिलिमीटर आहे.

फोटोफ्रेम किंवा देव्हाऱ्याच्या चौकटीत पंचेचाळीस अंशांचे आठ काप येतात. प्रत्येकात अर्धा अंश चुकला तर सगळे मिळून चार अंशांची फट शेवटच्या कोपऱ्यात उघडते. येथे मी निःसंशय पंचेचाळीसच्या स्लेडच्या बाजूने आहे. तिच्या दोन पट्ट्या एकमेकींशी बरोबर काटकोनात असल्या की पुरे. एक बाजू ४४.८ अंशांत कापली गेली तरी दुसरी ४५.२ मध्ये कापली जाते आणि जोड नव्वदच भरतो, मात्र प्रत्येक कोपऱ्यातला एक तुकडा डावीकडे आणि दुसरा उजवीकडे कापलेला असला पाहिजे. गेजला ही सोय नाही. समोरासमोरच्या बाजू सारख्या लांबीच्या नसतील तर कोन अचूक असूनही फट राहते, म्हणून पट्टीवर ठोकळा क्लॅम्प करून लांबी बांधून घ्यावी. उभ्या चिरणीची फेन्स, म्हणजे पात्याला समांतर बसवलेली आधारपट्टी, मात्र अडणी म्हणून वापरू नये. पाते आणि फेन्स यांच्यामध्ये अडकलेला तुकडा अंगावर फेकला जातो.

चॉप सॉ, म्हणजे पाते वरून खाली दाबून कापायची करवत, जलद आहे, पण रुंद पल्ल्यासाठी ती पुरत नाही, त्यामुळे ती या दोहोंची जागा घेत नाही. पाते मात्र कोणत्याही पर्यायात ६० ते ८० दातांचे असावे. २४ दातांच्या पात्याने आडवा काप घेतल्यास कड फाटते.

स्लेडच्या खाचेतल्या पट्ट्या पूर्ण सुकलेल्या सागाच्या कराव्यात आणि त्यांवर मेण घासावे. एप्रिलच्या उन्हात घट्ट बसवलेली पट्टी जुलैत फुगून अडकते. म्हणून उन्हाळ्यात बनवताना थोडी मोकळीक ठेवावी आणि पावसाळा लागल्यावर पाच कापांची चाचणी पुन्हा घ्यावी.