लेव्हेटिरासिटॅम : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दोन महिन्यांच्या अंतराने मला दुसऱ्यांदा फिट आली, तेव्हा ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) आणि एमआरआय पाहून न्यूरॉलॉजिस्टांनी जानेवारीत लेव्हेटिरासिटॅम या फिट रोखणाऱ्या औषधाची ५०० मिलिग्रॅमची गोळी सकाळी आठ आणि रात्री आठ अशी सुरू केली. वेळेबद्दल ते इतके आग्रही का होते, हे मला नंतर कळले. प्रौढ माणसाच्या शरीरातील या औषधाचे प्रमाण साधारण सहा ते आठ तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे एक गोळी राहिली तरी संरक्षण लगेच उणे पडते.

पहिले तीन आठवडे दुपारी ग्लानी येत असे. ती हळूहळू ओसरली. खरा त्रास झाला तो चिडचिडीचा. साध्या प्रश्नावरही मी आईच्या अंगावर जात असे, आणि हा आपला स्वभावच बिघडला असे समजून मी महिनाभर कोणाला काही बोलले नाही. तो या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. मन फार खचले किंवा जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी फोन करायचा, पण गोळी परस्पर थांबवायची नाही, कारण अचानक बंद केल्यास फिट उलटून येऊ शकतात, असे डॉक्टरांनी आईलाही समजावून सांगितले. मी हे आधी बोलायला हवे होते.

आठ महिने एकही फिट आली नाही. मग गणपतीला कोकणात जाताना गोळ्यांची डबी डिकीतल्या बॅगेत राहिली, घाटात गाड्या तासन्‌तास अडकल्या आणि रात्रीची गोळी चुकली. त्यात जागरणही झाले. सकाळी साडेसातला आठवले, तेव्हा पुढच्या गोळीची वेळ झालीच होती, म्हणून दोन न घेता एकच घेतली. दुपारी फिट आली. कोणीतरी नाकाशी धरायला चप्पल आणली होती, पण भावाने मला कुशीवर वळवले, तोंडात काहीही घालू दिले नाही आणि घड्याळ पाहत राहिला. पाच मिनिटांहून जास्त चालली तर १०८ ला फोन करायचा, हे त्याला ठाऊक होते. दोन मिनिटांच्या आत ती थांबली. तेव्हापासून दोन दिवसांच्या गोळ्या माझ्या पर्समध्येच असतात.

औषधाच्या दुकानात एकदा मला वेगळ्या नावाची पट्टी मिळाली. घटक आणि मिलिग्रॅम जुळत होते, मात्र पुढे ‘एक्सआर’ अशी अक्षरे होती, म्हणजे औषध सावकाश सोडणारी गोळी. ती दिवसातून एकदाच घेतात आणि मोडून किंवा कुटून घेत नाहीत. मी ती परत केली. पट्टी हातात आल्यावर फक्त रंग पाहू नये, नाव पूर्ण वाचावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. उपवासाचा प्रश्न मात्र सोपा निघाला : ही गोळी उपाशीपोटीही चालते, त्यामुळे एकादशीलाही मी ती पाण्याबरोबर घेते.

फेब्रुवारीत माझे लग्न आहे आणि आजाराची कल्पना सासरी आधीच दिली आहे. गर्भाला व्हॅल्प्रोएट या फिटवरच्या दुसऱ्या औषधाचा धोका बराच अधिक असतो, म्हणून डॉक्टरांनी सुरुवातीलाच हे औषध निवडले होते. तरी गरोदरपणात रक्तातील याचे प्रमाण घटते आणि डोस वाढवावा लागू शकतो. त्याविषयी विचारायला पुढच्या भेटीत माझे होणारे यजमानही सोबत येणार आहेत.