अकरा आकडी नंबर: मुक्त शाळेच्या नावाखाली गेलेले ५१,२५० रुपये

आधी आकडा सांगते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. ३,५०० नोंदणी. ३२,००० ‘होमस्कूलिंग पॅकेज’, दोन हप्त्यांत. ४,००० स्वाध्याय लिहून देण्याचे. ५,७५० परीक्षा फी आणि प्रॅक्टिकल. ६,००० लेखनिक मिळवून देण्याचे. एकूण ५१,२५०. वर मुलाचं एक वर्ष गेलं, त्याचा हिशेब कुठल्याच पावतीवर नाही.

मुलाला डिस्लेक्सिया आहे. तोंडी विचाराल तर सगळं सांगतो, कागदावर उतरवताना अक्षरं उलटीपालटी होतात, गणिताच्या पेपरात तर घाम फुटतो. नववीत नापास झाला. शाळेने आम्हाला बोलावून गोड बोलून सांगितलं की, “याला इथे झेपणार नाही, बाहेरून बसवा.” आणि दाखला हातात ठेवला. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळाच्या दहावीलासुद्धा जादा वेळ आणि इतर सवलती मिळतात, हे त्या दिवशी त्या खोलीतल्या एकाही माणसाने मला सांगितलं नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. दाखला हातात घेऊन शाळेच्या फाटकाबाहेर पडलेल्या आईची काय अवस्था असते ते कळावं म्हणून सांगते. अशाच आया या लोकांना हव्या असतात.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, याबद्दल मी वाचलं होतं. संस्था खरी आहे, १९८९ पासूनची आहे, केंद्र सरकारची आहे. दहावीला गणित घ्यावंच लागत नाही. भाषा, चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एन्ट्री असे विषय निवडून पाच विषयांत पास होता येतं. माझ्या मुलासाठीच कुणीतरी ही सोय केली आहे असं मला वाटलं. मोबाइलवर शोधलं तर पहिल्यांदा वर आली ती पुण्यातल्या एका ‘अधिकृत प्रवेश केंद्रा’ची जाहिरात. जून २०२४ मध्ये मी आणि मुलगा एसटीने स्वारगेटला उतरलो.

ऑफिस मेडिकलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. एसी, भिंतीवर तिरंगा, पास झालेल्या मुलांचे फोटो. मॅडम तिशीतल्या, बोलणं इतकं आपुलकीचं की काय सांगू. मुलाला म्हणाल्या, “तुझ्यासारखी चाळीस मुलं आहेत आमच्याकडे.” कुणीतरी पहिल्यांदाच त्याच्याशी थेट बोललं होतं. तो हसला. त्या हसण्यावरच मी ३,५०० रुपये भरले.

आता त्या क्षणाबद्दल. मी गावातल्या पतसंस्थेत काउंटरवर बसते. ओटीपी कुणाला सांगू नका, पावतीवरचं नाव वाचा, हे मी सभासदांना दिवसातून दहादा सांगते. त्या टेबलावर मॅडमनी माझ्यासमोर अर्ज भरला, स्क्रीन त्यांच्याकडे वळवलेली. माझा मोबाइल माझ्या मांडीवर होता आणि त्यावर काहीही आलं नाही. ना ओटीपी, ना एसएमएस. आज साध्या गॅसच्या नोंदणीलासुद्धा मेसेज येतो. क्यूआर स्कॅन केला तेव्हा एका बाईचं वैयक्तिक नाव आलं, संस्थेचं नाही. मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, “ताई, हे आमच्या अकाउंट्सच्या मॅडमचं आहे, जीएसटीचं काम सुरू आहे.” पावतीवर लिहिलं होतं ‘शैक्षणिक सल्ला शुल्क’. प्रवेश हा शब्द कुठेच नव्हता. मी ती पावती वाचली. घडी घालून पर्समध्ये ठेवली. वाचूनसुद्धा. हे मला अजून झोपू देत नाही.

का बोलले नाही? मुलगा शेजारी बसला होता. त्याच्यासमोर मला पुन्हा एकदा “हे जमणार नाही” ऐकायचं नव्हतं.

दाखला त्यांनी मूळच घेतला, ‘बोर्डाला पाठवायला’ म्हणून. मूळ कागद कुणालाही देऊ नका. कुणालाही नाही. आणि त्यांनी दिलेलं ते ‘होमस्कूलिंग सर्टिफिकेट’, ज्यावर सोनेरी शिक्का होता, त्याची किंमत शून्य आहे. मुलाला घरी शिकवायला आपल्याकडे सरकार कुठला परवाना देत नाही, त्यामुळे तसं सर्टिफिकेट कुणी विकत असेल तर उठून बाहेर पडा.

पॅकेजमध्ये काय होतं? व्हॉट्सअॅपवर यूट्यूबच्या लिंका. तीन महिने. मग त्याही बंद.

ऑक्टोबरमध्ये मॅडमचा फोन आला, “ताई, स्वाध्याय जमा करायचे आहेत, त्याचे वीस टक्के गुण धरतात. मुलाला लिहायला त्रास होतो ना? आमची मुलं लिहून देतील, विषयाला आठशे.” पाच विषय, चार हजार. मी भरले. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लपवलं तर या लिखाणाला काही अर्थ नाही. दुसऱ्याने लिहिलेले स्वाध्याय माझ्या मुलाच्या नावाने जाणार, हे मला माहीत होतं. मी स्वतःला समजावलं की त्याला खरंच लिहिता येत नाही, आपण काय वाईट करतो. पुढे कळलं की हे चार हजार त्यांनी पैशासाठी घेतले नव्हते. मला त्यांच्यात ओढण्यासाठी घेतले होते. त्या दिवसानंतर मी आवाज चढवून बोलू शकले नाही. ओळखपत्र मागितलं तर “येईल ताई.” पुस्तकं मागितली तर “पोस्टात आहेत.” चित्रकलेची प्रात्यक्षिक परीक्षा लेखीच्या आधी होते, हे मला माहीत होतं. मार्चमध्ये विचारलं, तर “ते गुण आतून लागतात.” आणि मी गप्प बसले. कारण चार हजारांचं गुपित आमच्या दोघींमध्ये होतं.

“आम्ही लिहून देतो”, “पास करून देतो”, “सेंटर मॅनेज आहे” यातलं एकही वाक्य ऐकलं की समजा, सापळा लागला.

एप्रिल २०२५. हॉल तिकीट व्हॉट्सअॅपवर पीडीएफ म्हणून आलं, पेपरच्या आदल्या रात्री नऊ वाजता. फोटो मुलाचाच. पुण्यातली एक शाळा केंद्र म्हणून. पहाटेची एसटी पकडली. मुलाने नवा शर्ट घातला होता, पट्टी-पेन्सिलीची पिशवी दोन वेळा तपासली होती. लेखनिकाचे ६,००० दिले होते, तो फाटकावर भेटणार होता. कुणी भेटलं नाही. यादीत नाव नाही. केंद्रावरचे सर भले होते, त्यांनी हॉल तिकीट हातात घेऊन नंबर बोटाने मोजला आणि म्हणाले, “ताई, नोंदणी क्रमांक बारा आकडी असतो. हा अकरा आहे.” मुलगा बाजूलाच उभा होता. तोही मोजू लागला. त्याने तीनदा मोजले, त्याला वाटलं नेहमीसारखी आपलीच चूक होतेय.

त्याच पावली ऑफिस गाठलं. मेडिकलवाला म्हणाला, “महिना झाला सोडून.”

आता पुढचं, ज्याने मला जास्त जाळलं.

पुण्यातल्या पोलीस ठाण्यात गेले. तिथले साहेब म्हणाले, “सेवा दिली नाही, पैसे परत पाहिजेत, ही दिवाणी बाब आहे. वकील गाठा.” मी म्हटलं, खोटं हॉल तिकीट केलंय, फोटो लावून. म्हणाले, “पैसे कुठून पाठवले? गावाहून ना? मग तुमच्या हद्दीत द्या.” गावातल्या ठाण्यात म्हणाले, घटना पुण्यात घडली, पुण्यात द्या. तिसऱ्या फेरीत सायबरकडे बोट दाखवलं. सायबरवाले म्हणाले, “तुम्ही समोरासमोर ऑफिसात बसून पैसे दिले, हा सायबर कुठे आला?” आणि स्वाध्यायाचे चार हजार मी अर्जात प्रामाणिकपणे लिहिले होते. ते वाचून एका हवालदाराने अर्ज माझ्याकडे सरकवला. “मॅडम, तुम्ही पण यात आहात. विचार करून द्या.” काउंटरच्या पलीकडे मीही बसते. माणूस चुकून आला तरी त्याचं काम आधी ऐकायचं असतं. तिथे मला उभंच ठेवलं, पन्नास मिनिटं, मुलगा बाकावर.

शिक्षण खात्याच्या कार्यालयात तर वेगळीच कथा. “एनआयओएस आमच्याकडे येत नाही.” बरं, बोर्ड तुमच्याकडे येत नाही, पण तुमच्या हद्दीत खोटं ऑफिस थाटून मुलांचे दाखले गोळा करणारा माणूस कुणाच्या हद्दीत येतो? टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, “लेखी द्या, आवक-जावकला.” दिलं. शिक्का मिळाला. पाच महिने झाले, शिक्क्याशिवाय काही नाही. मूळ दाखला गेला म्हणून दुप्रत मागायला शाळेत गेले, तर म्हणे हरवल्याची पोलीस नोंद आणा. हरवला नाहीये हो, घेऊन पळालेत! पोलिसांना सांगितलं तर ते ‘हरवला’ लिहून घ्यायला लगेच तयार. चोरी नोंदवायला नाही, हरवणं नोंदवायला तयार. शेवटी मुलासाठी मी ‘हरवला’ असं लिहून दिलं. तेही खोटंच.

एका ओळखीच्या वकिलांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. ठाण्यात गुन्हा घेतला नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पोस्टाने पाठवता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४) लिहून. त्यानंतरही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हद्दीचा वाद घालणाऱ्याला ‘झिरो एफआयआर’ म्हणा. हद्द नसली तरी गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो. फसवणुकीचं जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही. १९१५ हा ग्राहकांचा क्रमांक. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच, त्याच तासाला फोन करा. मी केला शेवटच्या पेमेंटनंतर सात आठवड्यांनी. खात्यात काही उरलं नव्हतं.

जे मला कुणी सांगितलं नाही ते सांगते. एनआयओएसचा प्रवेश स्वतः संकेतस्थळावर होतो, फी तिथेच भरायची, अर्जात मोबाइल तुमचा आणि ईमेल तुमचा. अभ्यास केंद्र मान्यताप्राप्त आहे का ते तिथल्या यादीत बघा, भिंतीवरच्या फ्रेममध्ये नको. दहावीला वय चौदा पूर्ण हवं. अपंगत्वाचं किंवा डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र असेल तर लेखनिक आणि जादा वेळ नियमानेच मागता येतो, त्याचे पैसे मागणारा चोर आहे. मराठी माध्यम हवं असेल तर तेही आहे. आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, पाचवी-आठवीपासून. आणि बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा, आपल्या आई-वडिलांच्या वेळचा सतरा नंबरचा फॉर्म अजून आहे, आता ऑनलाइन भरतात. नवीनच कुठल्या ‘ओपन बोर्डा’चं नाव कानावर आलं, ‘एका वर्षात दहावी-बारावी दोन्ही’ म्हणाले, तर त्या रस्त्याने जाऊच नका.

दुप्रत दाखला मिळाल्यावर मी घरीच बसून अर्ज भरला. पतसंस्थेतून आल्यावर, रात्री. पाऊण तास लागला. ओटीपी माझ्या मोबाइलवर आला. काही दिवसांनी नोंदणी क्रमांक आला, तो मी मुलाला वाचून दाखवला नाही, मोबाइल त्याच्या हातात दिला. त्याने बोट ठेवून एकेक आकडा मोजला, मग परत पहिल्यापासून. बारा.

ग्राहक आयोगात पुढच्या महिन्यात तारीख आहे. चार हजारांचं तिथेही लिहिलं आहे, पहिल्याच पानावर. त्या मजल्यावर त्या वर्षी आणखी मुलं होती, मी त्यांना पाहिलं आहे. तुमच्यापैकी कुणाचं मूल त्यात असेल, आणि तुम्हीही असेच लाजून गप्प बसला असाल, तर पावत्या काढून ठेवा आणि तक्रार द्या. चार अर्ज एकाच नावाचे गेले तर त्यांना हद्द सापडेल.