झेडएसएम-५ पावडर, '३०' ग्रेड, १०० ग्रॅम: माल चांगला, लेबलने घात केला

साडेतीन स्टार. अर्धा कापलाय पॅकिंगसाठी आणि एक कापलाय त्या ३० आकड्यासाठी, ज्याच्यापायी माझा अख्खा महिना गेला. सप्लायरचं नाव लिहीत नाही, कारण हा घोळ एकट्या त्यांचा नाही, या धंद्यात सगळेच असा आकडा छापतात आणि नवीन माणूस त्यात बरोब्बर सापडतो.

आधी आम्हाला ही पावडर कशाला लागते ते सांगतो. आमच्याकडे बगॅसपासून (उसाच्या चिपाडापासून) बेंझिन, टोल्युइन, झायलीन काढायचं काम चालतं. कारखाने बगॅस बॉयलरला घालतात, आम्ही तीच वाळवून, दळून, हवा न लागू देता ५०० ते ६०० डिग्रीला तापवतो आणि निघालेली वाफ झिओलाइटच्या (सिलिकॉन-ॲल्युमिनियमची, अतिबारीक भोकांची पावडर, हाच आमचा कॅटॅलिस्ट) थरातून सोडतो. कॅटॅलिस्ट नसताना जे चॉकलेटी पाणी गोळा होतं त्याला गुऱ्हाळाच्या चुलाणाजवळ येतो तसा धुरकट आंबूस वास येतो. कॅटॅलिस्ट घातला की वर एक वेगळा पातळ थर तरंगायला लागतो आणि वास थेट पेट्रोल पंपाचा. (मुद्दाम हुंगायला जाऊ नका, त्यात बेंझिन असतं, फ्यूम हूडखालीच उघडा.)

झेडएसएम-५ हा मोबिल या तेल कंपनीचा झिओलाइट, पेटंट १९७२ सालचं. त्याची भोकं साधारण साडेपाच अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), म्हणजे बेंझिनचं कडं जेमतेम मावेल एवढी, म्हणून आत जी काही जुळवाजुळव होते त्यातून बाहेर पडताना बेंझिन आणि त्याची जवळची भावंडंच सुटतात. पण बायोमासची मुळातली अडचण अशी की त्यात ऑक्सिजन फार. ग्लुकोजचंच गणित करून बघा, त्यातला सगळा ऑक्सिजन पाणी म्हणून काढला तर हायड्रोजन एक पण उरत नाही, नुसता कोळसा. मग थोडा ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड, डायऑक्साइड म्हणून घालवावा लागतो, तेव्हा कुठे कडी तयार होतात, आणि तरी कोळसा होतोच. म्हणूनच बाजारातली पावडर तशीच न वापरता लोक तिच्यावर काही ना काही संस्कार करत असतात.

आता मालाबद्दल. डबा आला, आत साधी पॉलिथिनची पिशवी आणि तोंडाला रबरबँड! अहो हा झिओलाइट आहे, हवेतलं पाणी पिणं हाच त्याचा स्वभाव. जुलैत आमच्याकडे भाजलेली पावडर तराजूवर ठेवली की आकडा थांबतच नाही, डोळ्यासमोर मिलिग्रॅम मिलिग्रॅम वाढत राहतो आणि आपण वेड्यासारखं बघत बसतो. अर्धा स्टार इथे गेला. पावडर मात्र पांढरीशुभ्र, एकसारखी, एक्सआरडीमध्ये (एक्स-रेने स्फटिकाची रचना तपासतात त्यात) सगळे पीक जिथल्या तिथे. अमोनियम फॉर्ममध्ये येते, त्यामुळे आधी मफल फर्नेसला ५५० डिग्रीला भाजून अमोनिया घालवायचा, मग ती ॲसिडिक होते. तापमान हळूहळू चढवा, घाई नको.

माझा प्लॅन होता डीसिलिकेशनचा. म्हणजे पातळ कॉस्टिकमध्ये पावडर ढवळून थोडा सिलिकॉन विरघळवायचा, की बारीक भोकांच्या जोडीला मोठे रस्ते तयार होतात आणि लिग्निनचे (वनस्पतीला कडकपणा देणाऱ्या घटकाचे) अवजड तुकडे पण आत शिरू शकतात. नेहमीची रेसिपी ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ६५ डिग्री, अर्धा तास, मग बर्फात बुडवायचं. ही रेसिपी सिलिकॉन-ॲल्युमिनियम रेशो २५ ते ५० असेल तर मस्त चालते, त्याच्या खाली ॲल्युमिनियम जास्त होतं आणि ते शेजारच्या सिलिकॉनला सोडतच नाही, फार वर गेलात तर पावडर बेसुमार विरघळते. डब्यावर ३० लिहिलेलं, म्हटलं वा, एकदम मध्यात बसतंय.

३ ग्रॅम टाकले, गाळून धुऊन वाळवून बघितलं तर जवळपास ३ ग्रॅमच परत. तिथेच डोक्यात घंटा वाजायला हवी होती, कारण सिलिकॉन विरघळला तर वजन चांगलंच घटायला पाहिजे. पण मी खूश, काय रिकव्हरी आहे म्हणून. नंतर आत बसलेलं सोडियम काढायला अमोनियम नायट्रेटने तीन वेळा एक्सचेंज, परत भाजणं, बीईटीच्या (नायट्रोजन शोषवून भोकं मोजायच्या मशीनच्या) रांगेत नंबर लावून वाट बघणं. आयसोथर्म (किती वायू शोषला त्याचा आलेख) आला तर हिस्टेरेसिसचा (मोठी भोकं झाली की आलेखाच्या जाण्या-येण्याच्या रेषांत पडणाऱ्या फटीचा) पत्ता नाही, मूळ पावडर आणि ही पावडर जुळ्या बहिणी. दोनदा परत केलं. कॉस्टिक जुनं असेल म्हणून नवीन आणलं, थर्मामीटर बदलला.

शेवटी मॅडमनी डबा हातात घेतला आणि म्हणाल्या, "अरे, हे तीस कशाचं आहे ते विचारलंस का?"

सप्लायरला फोन लावला तर पलीकडचा म्हणतो, "सर, तीस म्हणजे तीसच." ॲनालिसिस सर्टिफिकेट मागितलं, तीन मेल केल्यावर आलं, आणि त्यात बारीक अक्षरात होतं, सिलिका-ॲल्युमिना मोल रेशो ३०. सिलिकाच्या एका रेणूत सिलिकॉनचा अणू एक, पण ॲल्युमिनाच्या एका रेणूत ॲल्युमिनियमचे अणू दोन, म्हणजे खरा सिलिकॉन-ॲल्युमिनियम रेशो १५! गेला महिना पाण्यात. बाजारात २३, ३०, ५०, ८०, २८० असे ग्रेड मिळतात, ते सगळे बहुतेक सिलिका-ॲल्युमिनाचेच, सरळ निम्मे करायचे. नंतर ८० ग्रेडची छोटी पिशवी मागवली, म्हणजे खरे ४०, आणि त्याच रेसिपीने पहिल्याच झटक्यात वजन पण घटलं आणि हिस्टेरेसिस पण आला.

आता खरी गंमत. दोन्ही पावडरी बगॅसच्या वाफेवर चालवल्या, तर ती कष्टाने भोकं पाडलेली ८० वाली मागे आणि मी शिव्या घातलेली ३० वाली पुढे. नंतर वाचलं तर ह्यूबर (बायोमासवर काम करणारे केमिकल इंजिनियर) वगैरे मंडळींनी अमेरिकेत ग्लुकोजवर हेच करून बघितलेलं, त्यांना पण ३० लाच सगळ्यात जास्त ॲरोमॅटिक्स (बेंझिनसारख्या कड्यांची संयुगं) मिळाले होते, आणि मोठ्या भोकांनी एकूण उत्पन्न न वाढता बेंझिन-टोल्युइनचा वाटा घसरून जड ॲरोमॅटिक्स वाढले, कोळसा पण जरा जास्त. ॲसिडच्या जागा भरपूर असणं जास्त महत्त्वाचं, आणि त्या ॲल्युमिनियममुळेच येतात. आधी वाचलं असतं तर, असो.

मग त्याच ३० वाल्या पावडरवर गॅलियम हा धातू घातला. गॅलियम नायट्रेटचं द्रावण पावडर पिईल तेवढंच थेंबाथेंबाने टाकायचं, वाळवायचं, भाजायचं. गॅलियम हायड्रोजन काढून टाकायला मदत करतं, त्यामुळे वायू म्हणून निसटणारे इथिलीन-प्रोपिलीन पण कड्यांमध्ये वळतात. २०१२ मध्ये ह्यूबरच्याच ग्रुपने पाईनच्या लाकडावर गॅलियममुळे ॲरोमॅटिक्स ४० टक्क्यांनी वाढल्याचं छापलंय. आमची वाढ तेवढी नाही पण क्रोमॅटोग्राममध्ये (मिश्रणातले घटक वेगळे दाखवणाऱ्या आलेखात) नुसत्या डोळ्यांना दिसते. नॅप्थलीन पण येतं, कंडेन्सरच्या नळीत पांढऱ्या सुया जमतात, डांबरगोळीचा वास, नळी तुंबली की शोधत बसू नका, तेच असतं.

टिकाऊपणा ठीक. रन झाला की थर काळाकुट्ट, हवेत ५५० ला जाळला की पुन्हा पांढरा. फक्त बगॅस आणि पावडर एकत्र मिसळून चालवू नका, राखेतलं पोटॅशियम ॲसिडच्या जागांवर जाऊन बसतं आणि जाळून काही ते जात नाही. बगॅस वेगळी वरच्या थरात ठेवा, आधी पातळ ॲसिडने धुतली तर आणखी बरं.

तर घ्यायची का? ॲरोमॅटिक्स करायचे असतील तर ही ३० वाली डोळे झाकून घ्या, डीसिलिकेशन शिकायचं असेल तर ५० किंवा ८०. सर्टिफिकेट ऑर्डरच्या आधी मागा, नंतर फोन उचलत नाहीत. उरलेल्या डब्यावर मी मार्करने मोठ्ठं १५ लिहून ठेवलंय, काल एक ज्युनियर विचारत होती, दादा हा तुमचा रोल नंबर आहे का?