अल्झायमरची जनुकीय तपासणी: आधी समुपदेशकाशी बोला, मग रक्त द्या

मी नाशिकमध्ये इंदिरानगरला राहतो, वय 52, विमा सल्लागार. आईला सत्तरीनंतर अल्झायमर झाला. जन्मभर ज्या रविवार कारंजावर तिने बाजार केला, तिथूनच तिला घरचा रस्ता सापडेना. मला आज कसलाही त्रास नाही, पण आपल्यात काय उतरलंय हे जाणून घ्यायचं होतं. म्हणून एका लॅबची एपीओई (अल्झायमरच्या जोखमीशी जोडलेलं एक जनुक) तपासणी केली, घरी येऊन रक्त नेणारी. खर्च साडेचार हजार. लॅबचं नाव लिहीत नाही.

रक्त घ्यायला आलेला मुलगा वेळेवर आला, हात हलका, नळीवर नाव आणि जन्मतारीख माझ्यासमोर लिहिली. उपाशी राहावं लागत नाही. इथवर काही तक्रार नाही.

तक्रार संमतीपत्राची आहे. बारीक इंग्रजी मजकूर पुढे केला आणि "सर, इथे सही करा." हे कळल्यावर तुम्ही काय करणार, घरात कोणाला सांगणार, असा एकही प्रश्न कोणी विचारला नाही. रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आला: जनुकाचा प्रकार, रंगीत पट्टी आणि सरासरीच्या इतकी पट जोखीम. सरासरी कोणाची, कोणत्या वयापर्यंतची, काही नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर वेगळी फी भरून जनुकीय समुपदेशकाशी व्हिडिओवर बोललो, आणि खरे पैसे तिथे वसूल झाले. बाई शांतपणे मराठीत बोलल्या. हे जनुक 19व्या गुणसूत्रावर असतं, एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. त्याचे ई2, ई3, ई4 असे तीन मुख्य प्रकार. ई4 चा अल्झायमरशी संबंध 1993 मध्ये समोर आला. ई4 ची एक प्रत असेल तर जोखीम साधारण तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट; पण हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत, आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. ई4 असूनही कित्येकांना हा आजार होत नाही, नसूनही होतो. पासष्टीच्या आत होणाऱ्या दुर्मिळ आनुवंशिक प्रकाराची जनुकं वेगळी (एपीपी, प्रिसेनिलिन 1 आणि 2), ती या तपासणीत बघतच नाहीत. तुमच्या आईवडिलांना इतक्या लवकर झाला असेल तर लॅबला फोन करण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा.

अमेरिकेत रिव्हील नावाचा अभ्यास झाला, 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. अल्झायमर झालेल्यांच्या निरोगी मुलामुलींना त्यांचा एपीओई निकाल सांगितला. ठरावीक काळाने तपासलं तेव्हा निकाल कळलेल्यांची चिंता किंवा नैराश्य न कळलेल्यांपेक्षा फारसं वाढलेलं नव्हतं. पण त्यांना आधी बसवून समजावलं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माझ्या वाट्याला आधी फक्त सही आली.

बाईंनी विचारलं, "तुमच्या बहिणीला हे कळायला हवंय का?" माझी ताई देवळाली कॅम्पला असते. विचारलं तर म्हणाली, "मला नको सांगूस रे." म्हणून माझा निकाल इथे लिहीत नाही आणि हे टोपणनावाने लिहितोय. आमचं रक्त एकच. माझा निकाल थोडाफार तिच्याबद्दलही बोलतो. मुलाच्या बाबतीतही तेच: माझ्या दोन प्रतींपैकी एक त्याच्याकडे गेलेलीच आहे.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट. जनुकीय माहितीवरून विमा नाकारू नये असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत 2008 पासून आहे, पण तोही आयुर्विम्याला लागू नाही. तेव्हा रिपोर्ट कुठे साठवतात, कोण बघतं, हे सहीच्या आधी लेखी मागा. मी विचारलं तर "सिक्युअर आहे सर" एवढंच उत्तर आलं.

जनुक बदलता येत नाही. पण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) बदलता येण्याजोगी 14 कारणं मांडली आहेत: रक्तदाब, मधुमेह, ऐकू कमी येणं, धूम्रपान वगैरे. ती सगळी आटोक्यात आली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे 45 टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज. मी कानांची तपासणी करून घेतली, रक्तदाबाची गोळी आता चुकवत नाही. यासाठी साडेचार हजारांचा रिपोर्ट लागत नव्हता, हेही खरं.

रक्त घेण्याला पाच तारे, रिपोर्टला दोन, समुपदेशनाला पाच. संमतीपत्र मराठीत द्या आणि समुपदेशन आधी, त्याच पैशांत ठेवा, असं लॅबला लेखी कळवलंय. उत्तर आलं की इथेच लिहीन.